क्वार्टरबॅकची पारख



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी आपणांस दूरचा वाटेल. अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळणारा एकवीस-बावीस वर्षांचा तरुण व्यावसायिक संघात खेळण्यास सिद्ध झाला आहे की नाही, हे ठरवावयाचे कसे, असा हा प्रश्न आहे. या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी त्या देशात दर वर्षी शेकडो माणसे राबतात, अमाप द्रव्य खर्ची पडते, आणि तरीही उत्तर वारंवार चुकते. एखाद्या व्यवसायातील जाणकार माणसे इतक्या साधनांनिशी आणि इतक्या सातत्याने चुकत असतील, तर त्या चुकीचे स्वरूप तपासून पाहण्याजोगे असते.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. येथे चेंडू लंबगोल असतो, तो बहुतांशी हातात घेऊन धावतात किंवा फेकतात, आणि प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. तेवढे साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्न म्हणजे आधी आखलेला एक डाव असतो, आणि तो सुरू होताच चेंडू ज्याच्या हाती येतो तो क्वार्टरबॅक. त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड सहकाऱ्यांची भिंत असते. ती फोडून त्याला जमिनीवर पाडण्यासाठी प्रतिपक्षाचे गडी धावून येत असतात. त्याचे स्वतःचे साथीदार ठरलेल्या मार्गांनी पळत असतात आणि त्यांच्यापैकी कोणाकडे चेंडू फेकावयाचा याचा निर्णय त्याला साधारणपणे अडीच-पावणेतीन सेकंदांत करावा लागतो. संघाचे भवितव्य या एका माणसाच्या हाती जितके असते तितके इतर कोणत्याही सांघिक खेळात एकाच्या हाती क्वचितच असेल.

व्यावसायिक खेळाची मुख्य संस्था नॅशनल फुटबॉल लीग ही होय. तिचे बत्तीस संघ दर वसंत ऋतूत विद्यापीठांतील खेळाडूंची क्रमाने निवड करतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. मागील वर्षी ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याला पहिली पाळी मिळते. ही प्रथा १९३६ साली सुरू झाली, आणि गंमत अशी की त्या पहिल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर हा एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. त्याने दुसरा मार्ग पत्करला. बेसबॉलमध्ये व्यावसायिक संघांना जोडलेले कनिष्ठ संघ असतात आणि तेथे तरुण खेळाडू काही वर्षे घडवला जातो. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही. विद्यापीठाचे मैदान संपले की थेट सर्वोच्च पातळी. मधली पायरी नसल्यामुळेच पारखीचा प्रश्न इतका तीव्र होतो.

आता एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. १९९८ च्या ड्राफ्टपूर्वी दोन क्वार्टरबॅकांची तुलना देशभर चालली होती. टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग हा एक, आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा रायन लीफ हा दुसरा. मॅनिंगने तीन वर्षांतच पदवी घेतली होती आणि तरीही चौथ्या वर्षी तो विद्यापीठाकडून खेळला. लीफ एक वर्ष शिल्लक ठेवून बाहेर पडला होता. तो उंच होता, बळकट होता, त्याची फेक देखणी होती, आणि पुढे जाऊन तोच मोठा होईल असे मानणारे जाणकार थोडेथोडके नव्हते. इंडियानापोलिस कोल्ट्स या संघाने पहिल्या क्रमांकावर मॅनिंगला घेतले, सॅन डिएगो चार्जर्सने दुसऱ्या क्रमांकावर लीफला.

लीफचे पहिले दोन सामने त्याच्या संघाने जिंकले. तिसऱ्या सामन्यात, कॅन्सस सिटीच्या विरुद्ध, त्याने पंधरा पास फेकले, त्यांपैकी एकच पोहोचला, आणि त्यातून मिळाले चार यार्ड. त्या वर्षी त्याच्या पासवर दोन टचडाऊन झाले व पंधरा पास प्रतिपक्षाने पकडले. काही वर्षांतच त्याची कारकीर्द संपली. पुढे व्यसनाने त्याला तुरुंगापर्यंत नेले, आणि तेथून सुटल्यावर तो व्यसनमुक्तीविषयी जाहीरपणे बोलू लागला. मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२१ साली खेळाच्या सन्मान-मंदिरात त्याचा प्रवेश झाला.

एवढ्यावरून, मॅनिंग सिद्ध होता आणि लीफ नव्हता, असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु मॅनिंगचे पहिले वर्ष पाहा. त्याचे अठ्ठावीस पास प्रतिपक्षाने पकडले, आणि नवख्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत तो विक्रम ठरला. सोळा सामन्यांपैकी त्याच्या संघाने तेरा गमावले. डिसेंबर १९९८ मध्ये जर कोणी ‘हा तरुण सिद्ध होता काय?’ असे विचारले असते, तर प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आले असते. दोघेही अपयशी ठरले होते. फरक पडला तो अपयशानंतर: एकाला आपल्या चुकांतून प्रतिपक्षाच्या हालचाली वाचता आल्या, दुसऱ्याला त्या चुकांखालून बाहेरच पडता आले नाही. हा फरक एप्रिल महिन्यात मोजपट्टीने मोजता येईल काय, हा खरा प्रश्न.

त्या वर्षाच्या आरंभी, १ जानेवारी १९९८ रोजी, पॅसाडेना येथील रोझ बोल सामन्यात लीफचा संघ मिशिगन विद्यापीठाविरुद्ध खेळला आणि २१-१६ असा हरला. सर्व निरीक्षकांचे डोळे लीफवर होते. समोर मिशिगनच्या राखीव खेळाडूंमध्ये टॉम ब्रेडी नावाचा एक तरुण होता. दोन वर्षांनी, २००० च्या ड्राफ्टमध्ये, न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने त्याला सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडले, आणि त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. ब्रेडीने पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळवले.

अशा कथा सांगून पारख्यांची थट्टा करणे सोपे आहे. ते मला करावयाचे नाही. त्यांची अडचण खरी आहे, कारण त्यांना एक खेळ पाहून दुसऱ्या खेळाविषयी भाकीत करावे लागते. विद्यापीठातील फुटबॉल आणि व्यावसायिक फुटबॉल हे बाहेरून एकच दिसतात, पण आतून त्यांची रचना निराळी आहे.

मैदानाचीच गोष्ट घ्या. दोन्हीकडे रुंदी १६० फूट. मैदानात लांबीच्या दिशेने आखुड खुणांच्या दोन रांगा असतात आणि प्रत्येक डाव त्या रांगांवरून किंवा त्यांच्या दरम्यान सुरू होतो. विद्यापीठाच्या मैदानावर या रांगांमधील अंतर ४० फूट, व्यावसायिक मैदानावर साडेअठरा फूट. याचा अर्थ असा की विद्यापीठात डाव एका रांगेवरून सुरू झाला तर एक कड ६० फुटांवर व दुसरी तब्बल १०० फुटांवर असते, तर व्यावसायिक मैदानावर ही अंतरे सुमारे ७१ व ८९ फूट भरतात. रुंद बाजूच्या त्या मोकळ्या पटांगणात चपळ साथीदार सहज सुटा पडतो. विद्यापीठातील क्वार्टरबॅक त्याला ‘सुटलेला पाहून’ चेंडू फेकतो. व्यावसायिक खेळात तो सुटण्यापूर्वीच, जेथे तो पोहोचणार आहे त्या रिकाम्या जागेकडे फेकावा लागतो. पहिल्यासाठी डोळे पुरतात, दुसऱ्यासाठी अनुमानाची शक्ती लागते. आणि विद्यापीठातील चित्रफितीवर ती शक्ती दिसतच नाही, कारण तेथे तिची गरज पडलेली नसते.

दुसरा फरक याहून सूक्ष्म आहे. विद्यापीठांतील कित्येक संघ डावांमध्ये विसावा न घेता भराभर खेळतात. क्वार्टरबॅक जागेवर उभा राहतो, मान वळवून मैदानाच्या कडेला पाहतो, तेथून प्रशिक्षक प्रतिपक्षाची मांडणी न्याहाळून खुणांनी वा चित्रफलकांनी डाव कळवतो. म्हणजे निर्णयाचा अर्धा भाग प्रशिक्षकाने केलेला असतो. व्यावसायिक खेळात १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात ध्वनियंत्र आहे, पण डाव सुरू करण्याच्या मुदतीतील पंधरा सेकंद उरले की ते आपोआप बंद होते. उरलेला काळ तो एकटा असतो. लांबलचक सांकेतिक वाक्य त्याला दहा सहकाऱ्यांना चुकीशिवाय सांगावे लागते, मग मांडणी वाचावी लागते, आणि प्रसंगी डाव बदलावा लागतो. ज्याने तीन वर्षे केवळ मान वळवली आहे, त्याला हे येईल की नाही, हे त्याच्या फेकींच्या टक्केवारीवरून कसे कळावे? २०२४ पासून विद्यापीठांच्या सर्वोच्च विभागातही असे ध्वनियंत्र आले आहे, त्यामुळे हे अंतर थोडे कमी होईल असे वाटते.

दिसत नाही ते मोजण्यासाठी मग कसोट्या निघाल्या. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरात होतकरू खेळाडूंची एकत्र तपासणी भरते. तेथे उंची, वजन, तळहाताची लांबी, चाळीस यार्ड धावण्याचा वेळ, सारे टिपले जाते. ब्रेडीला ते चाळीस यार्ड धावावयास सुमारे सव्वापाच सेकंद लागले होते, आणि क्वार्टरबॅकसाठीही ते मंदच. वंडरलिक या नावाची लेखी परीक्षा अनेक वर्षे घेतली जात असे. बारा मिनिटांत पन्नास प्रश्न. चेंडू फेकण्याशी तिचा संबंध काय, हे कोणालाही पटण्याजोगे सांगता येत नसे, आणि २०२२ साली लीगने ती तपासणीतून काढून टाकली. त्याआधीच तिची जागा घेऊ पाहणाऱ्या, पडद्यावरील हालचालींना प्रतिसाद मोजणाऱ्या नव्या चाचण्या आल्या होत्या. २०२३ साली ओहायो स्टेटच्या सी. जे. स्ट्राउडला अशा एका चाचणीत फार कमी गुण मिळाल्याची वार्ता फुटली. त्याच वर्षी त्याने ह्यूस्टन संघातर्फे तेवीस टचडाऊन पास फेकले, केवळ पाच पास गमावले, आणि आक्रमक बाजूच्या उत्कृष्ट नवोदिताचा मान मिळवला.

अनुवाद करणाऱ्याला शब्दांत घोटाळण्याची सवय असते, म्हणून येथे थोडे विषयांतर करतो आहोत असे वाटले तरी चालेल. आपल्या भाषेत ‘परीक्षा’ आणि ‘पारख’ हे एकाच मुळाचे दोन शब्द आहेत. संस्कृत शब्द जसाच्या तसा आला तो ‘परीक्षा’, लोकांच्या तोंडी झिजून आला तो ‘पारख’. पण परीक्षा घेणारा ठरावीक प्रश्न विचारतो व उत्तरे तपासतो, पारखी मात्र वस्तू हातात घेऊन तिचा कस पाहतो. इंडियानापोलिसला होते ती परीक्षा. ‘तयारी’ या शब्दाचीही तीच कथा. गवयाचा गळा ‘तयार’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते गौरवाने म्हणतो, पण तयारीचा गवई आणि जाणता गवई यांत भेद करावयासही आपण विसरत नाही. लीफचा हात तयार होता, यात शंका नाही.

पारखीत मात्र एक धोका असतो, जो परीक्षेत थोडा कमी असतो. तो म्हणजे पारखणाऱ्याच्या मनातील प्रतिमेचा. क्वार्टरबॅक कसा दिसतो, याचे एक चित्र अमेरिकी निरीक्षकांच्या मनात दीर्घकाळ होते आणि ते चित्र गोऱ्या तरुणाचे होते. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक वेगवान म्हणून वाखाणला जाई आणि मग त्याला दुसऱ्या जागी खेळावयास सांगितले जाई. विचार करण्याची जागा त्याची नव्हे, असा त्याचा अर्थ. वॉरन मून याने जानेवारी १९७८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल जिंकून दिला, त्या सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तो ठरला. तरीही क्वार्टरबॅक म्हणून आपल्याला वाव मिळणार नाही हे त्याला दिसत होते, म्हणून तो कॅनडात गेला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये बारा फेऱ्या झाल्या, कोणीही त्याचे नाव घेतले नाही. कॅनडातील एडमंटन संघासाठी त्याने १९७८ ते १९८२ अशी सलग पाच अजिंक्यपदे मिळवली. १९८४ साली ह्यूस्टनने त्याला अखेर बोलावले, आणि २००६ साली सन्मान-मंदिरात प्रवेश मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक झाला. ‘अजून सिद्ध नाही’ या तीन शब्दांमागे काय काय दडू शकते, ते मूनच्या त्या सहा वर्षांवरून दिसते. मूनला निदान कॅनडा तरी मिळाला. ज्यांना विद्यापीठातच जागा बदलावयास लावली, त्यांची नोंद कोठेच नाही.

हे सारे जुन्या काळी घडले असे कोणी म्हणेल. १९९८ साली मॅनिंगची निवड करणारे कोल्ट्सचे व्यवस्थापक बिल पोलियन हे उत्तम पारखी म्हणून मान्यता पावले आहेत. वीस वर्षांनी, २०१८ साली, लुइव्हिल विद्यापीठाचा लमार जॅक्सन याने क्वार्टरबॅक न होता पास झेलणारा व्हावे, असे मत त्यांनी जाहीरपणे मांडले. जॅक्सनला पहिल्या फेरीतील शेवटच्या, बत्तिसाव्या क्रमांकावर बाल्टिमोरने घेतले. पुढच्याच वर्षी एकमताने तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पोलियन यांनी आपले मत चुकले हे मोकळेपणाने मान्य केले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण एकच नजर मॅनिंगच्या बाबतीत इतकी तीक्ष्ण आणि जॅक्सनच्या बाबतीत इतकी बोथट कशी ठरते, याचा विचार सुटत नाही. ओळखीच्या घडणीचा खेळाडू समोर असला की अनुभव उपयोगी पडतो, अनोळखी घडणीचा आला की तोच अनुभव आड येतो.

मग पारख सोडून आकड्यांवर विसंबावे काय? डिसेंबर २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल या लेखकाने ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात असे प्रतिपादन केले की काही कामे अशी असतात की ती प्रत्यक्ष करू लागेपर्यंत कोण यशस्वी होईल हे सांगताच येत नाही. क्वार्टरबॅकचे उदाहरण घेऊन त्याने हाच न्याय शाळाशिक्षकांना लावला. ड्राफ्टमधील क्रमांक आणि पुढील कामगिरी यांचा फारसा संबंध नाही, असे डेव्हिड बेरी व रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनीही आकडेवारीने मांडले. स्टीव्हन पिंकर या मानसशास्त्रज्ञाने ग्लॅडवेलच्या या विधानावर कडक आक्षेप घेतला, आणि माझ्या मते या बाबतीत आक्षेपाचे पारडे जड आहे. बेरी-सिमन्स यांचे माप प्रत्येक डावामागील कामगिरीचे होते. उशिरा निवडलेल्या खेळाडूंपैकी मैदानावर उतरावयास कोणाला मिळते? सरावात ज्याने प्रशिक्षकाला चकित केले त्यालाच. बाकीचे न खेळताच परत जातात, त्यांचे अपयश आकड्यांत येत नाही. ब्रेडी मोजला जातो. सहाव्या फेरीतले जे इतर अनेक विस्मृतीत गेले ते मोजले जात नाहीत.

आकड्यांची योग्य जागा कोणती, ते डेव्हिड लुइन याने २००६ साली दाखवले. विद्यापीठात मुख्य क्वार्टरबॅक म्हणून किती सामने खेळला आणि शेकडा किती पास पोहोचवले, या दोनच गोष्टींवर त्याचे भाकीत आधारलेले होते. पण ते केवळ पहिल्या दोन फेऱ्यांतील खेळाडूंनाच लागू होते, हे महत्त्वाचे. म्हणजे निरीक्षकांच्या चाळणीतून आधी माणूस गेला पाहिजे, मग आकड्यांनी त्याच्यावर दुसरा हात फिरवावा. बिल पार्सेल्स हे नामांकित प्रशिक्षक, क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षापर्यंत विद्यापीठात राहिलेला, पदवीधर, व निदान तीन वर्षे मुख्य म्हणून खेळलेला असावा असे सांगत. दोघांचा मथितार्थ एकच: पुष्कळ खेळलेला घ्या, कारण जो पुष्कळ खेळला त्याच्या पडत्या काळाचेही चित्रण उपलब्ध असते. २०१७ साली शिकागोने दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला मिचेल ट्रुबिस्की नॉर्थ कॅरोलायनातर्फे मुख्य म्हणून केवळ तेरा सामने खेळला होता. तेरा सामन्यांत त्याला हरताना, दुखावलेला असताना, पिछाडीवर असताना कितीदा पाहावयास मिळणार?

त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्सला घेतले, आणि पुढची गोष्ट निरीक्षकांच्या अहवालात कधीच नसते. त्यांनी त्याला जवळजवळ वर्षभर खेळवलेच नाही. अनुभवी ॲलेक्स स्मिथच्या मागे तो बसून राहिला, शिकत राहिला, व शेवटचा एकच सामना त्याला मिळाला. २०१८ साली त्याने पन्नास टचडाऊन पास फेकले. याउलट डेव्हिड कार हा २००२ साली ह्यूस्टनच्या नव्याने उभ्या राहिलेल्या संघात पहिल्या क्रमांकाने गेला. त्याच्या पुढची भिंत इतकी कच्ची होती की त्या एका हंगामात त्याला ७६ वेळा जमिनीवर पाडण्यात आले. कार सिद्ध होता की नव्हता हे आता कोणी सांगू शकणार नाही, कारण संघच सिद्ध नव्हता. जॅरेड गॉफ २०१६ साली रॅम्स संघात पहिल्या क्रमांकाने आला आणि त्या वर्षी खेळलेले सातही सामने हरला. पुढील वर्षी शॉन मॅक्व्हे हा नवा प्रशिक्षक आला. गडी लवकर जागेवर उभे करून, ध्वनियंत्र बंद होण्यापूर्वी तो गॉफच्या कानात प्रतिपक्षाची मांडणी सांगतो, असे त्या वेळी क्रीडापत्रांतून बरेच छापून आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तोच गॉफ अजिंक्यपदाचा सामना खेळत होता. वायोमिंगचा जॉश ॲलन विद्यापीठात शेकडा ५६ पासच पोहोचवत असे. आकडे त्याच्या पूर्ण विरुद्ध होते. बफेलोने त्याची फेकण्याची ढब सुधारली, २०२० मध्ये स्टीफन डिग्ससारखा झेलणारा आणून दिला, आणि त्या वर्षी ते प्रमाण शेकडा ६९ च्या वर गेले. म्हणून ‘हा तरुण सिद्ध आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे असे मला वाटते. कोठे, कोणाच्या हाताखाली, कोणत्या भिंतीमागे, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. आणि निवड करणारा संघ तर सर्वांत दुबळा असतो म्हणूनच त्याची पाळी पहिली असते.

अलीकडे या प्रश्नाला एक नवे वळण लागले आहे. २०२१ पासून विद्यापीठातील खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, विद्यापीठ बदलणेही सुलभ झाले. त्यामुळे क्वार्टरबॅक पूर्वीपेक्षा अधिक वर्षे विद्यापीठात राहू लागले आहेत. बो निक्स ऑबर्न व ओरेगन या दोन विद्यापीठांतर्फे मिळून मुख्य क्वार्टरबॅक म्हणून ६१ सामने खेळला, आणि तो सर्वोच्च विभागातील विक्रम ठरला. २०२४ साली बाराव्या क्रमांकावर डेन्व्हरने त्याला घेतले. तेथील प्रशिक्षक शॉन पेटन हे पूर्वी पार्सेल्स यांचे साहाय्यक होते, हे येथे लक्षात घ्यावे. निक्सने पहिल्याच वर्षी २९ टचडाऊन पास फेकले व संघाला बाद फेरीत नेले. पण निवडीच्या वेळी तो चोवीस वर्षांचा होता, आणि त्याच्या शेवटच्या हंगामातील चित्रफितींत समोर धावून येणाऱ्यांपैकी कित्येक त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. त्या फितींत कौशल्य किती आणि नुसते वय किती, हे वेगळे काढण्यासाठी त्याची ऑबर्नमधील, विसाव्या वर्षीची, चुकांनी भरलेली फीत शेजारी लावून पाहावी लागते.